ग्रामीण मतदारसंघाच्या उमेदवाराचे प्राधान्यक्रम: नवे बांधण्याआधी असलेले चालवा

प्रश्न असा आहे. बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील एका विधानसभा मतदारसंघातून निवडणूक लढवण्याची तयारी करणाऱ्या एका भगिनीने आपल्या जाहीरनाम्याचा मसुदा पाठवला आहे. मतदारसंघात सुमारे दीडशे गावे आहेत, शेती बहुतांशी कोरडवाहू आहे, सोयाबीन हे मुख्य पीक आहे आणि दिवाळीच्या आगेमागे कित्येक गावांतील निम्मी घरे ऊसतोडीला निघून जातात. मसुद्यात कर्जमाफी, हमीभाव, प्रत्येक गावाला सभामंडप, सिमेंट रस्ते, जलकुंभ, औद्योगिक वसाहत अशी लांबलचक यादी आहे. यातील चार-पाचच विषय ठेवायचे झाले तर कोणते ठेवावेत, आणि का, असे त्यांनी विचारले आहे.

मी पंचायत समितीत गटविकास अधिकारी म्हणून सेवा केली आहे. त्यामुळे आमदार काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले आहे. त्या आधारावर माझे पहिले म्हणणे असे की, यादीतील प्रत्येक विषयापुढे तो कोणाच्या अखत्यारीत आहे हे आधी लिहून काढावे. हमीभाव केंद्र सरकार कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवर ठरवते. कर्जमाफी राज्य मंत्रिमंडळ ठरवते. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वेळच्या कर्जमाफ्या अशाच झाल्या, आणि एकट्या आमदाराने तिचे वचन देणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करण्यासारखे आहे. गावातील गटार, दिवाबत्ती आणि अंतर्गत रस्ता हे ग्रामपंचायतीचे काम आहे आणि त्यासाठी वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो. या तिन्ही गोष्टी वगळल्यावर जे उरते ते आमदाराचे खरे क्षेत्र होय, आणि ते मसुद्यात जवळजवळ कुठेच दिसत नाही.

निधीचा हिशेब एकदा स्वच्छपणे मांडला पाहिजे. महाराष्ट्रात आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. दीडशे गावांत तो समान वाटला तर एका गावाच्या वाट्याला सुमारे ३ लाख ३३ हजार रुपये येतात. एवढ्यात एखाद्या गल्लीचा सिमेंट रस्ता होतो, तोही अर्धवट. याखेरीज ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या सदराखाली, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे मंजूर होतात, रस्त्यांसाठी ३०५४ आणि ५०५४ ही लेखाशीर्षे आहेत आणि जिल्हा नियोजन समितीतून काही कामे मिळतात. तालुक्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ‘पंचवीस-पंधराचं काम’ म्हटले की काय ते कळते. पण या सगळ्या मार्गांनी येणारा पैसा बांधकामाचा असतो. त्यातून इमारत उभी राहते. ती उघडी ठेवणारा माणूस आणि तिची दुरुस्ती करणारा पैसा त्यातून येत नाही. माझ्या मते ग्रामीण भागाचे आजचे दुखणे नेमके इथे आहे. गावात आरोग्य उपकेंद्र आहे, शाळेच्या खोल्या आहेत, जलकुंभ आहे, व्यायामशाळाही आहे, आणि यांपैकी किती गोष्टी रोज चालू असतात हे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. म्हणून आपल्या जाहीरनाम्याचे सूत्र ‘असलेले चालवणे’ हे असावे, आणि नव्या बांधकामाला त्यात दुय्यम स्थान असावे असे मी सुचवतो.

या सूत्राला पहिला विषय अर्थातच पाण्याचा. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने देणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्याकडे टाकी, जलवाहिनी आणि घरोघरी तोट्या ही कामे पुष्कळ ठिकाणी झाली, काही ठिकाणी ठेकेदारांची देयके थकल्याने अर्ध्यावर राहिली. परंतु योजना पूर्ण झालेल्या गावातही फेब्रुवारी उजाडला की तोटी कोरडी पडते, कारण उद्भवच, म्हणजे जिथून पाणी घ्यायचे ती विहीरच, आटतो. आपला प्रदेश बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठायला जागा कमी असते, आणि योजनेच्या विहिरीशेजारी चार खोल बोअर झाले की ती विहीर मार्चपर्यंतही टिकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत, त्यानंतर २००९ चा भूजल कायदाही आला. तरी तालुक्यात कोणावर कारवाई झाल्याचे ऐकिवात येत नाही. याचे कारण उघड आहे. बोअर घेणाऱ्याचा कोणी भाऊबंद कार्यकर्ता असतो, कारवाईची चाहूल लागली की तो आमदाराकडे जातो, आणि आमदार तहसीलदाराला फोन करतो. इथे आमदाराने काही न करणे, म्हणजे तहसीलदाराला फोन न करणे, हेच मोठे धोरण ठरते. हे जाहीरनाम्यात लिहिण्याचे धाडस आपण दाखवावे असे मला वाटते.

उद्भवानंतर येते ती रोजची व्यवस्था, आणि ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. पाणी सोडणारा कर्मचारी पहाटे विहिरीवर जाऊन मोटर चालू करतो, रात्रीतून वीज गेली असेल तर थांबतो, नंतर एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह फिरवत गावभर हिंडतो. त्याचा पगार ग्रामपंचायतीच्या वसुलीवर अवलंबून असतो आणि पाणीपट्टीची वसुली मार्च महिन्यातच होते, तीही घरकुलाच्या किंवा रहिवासी दाखल्याच्या निमित्ताने अडवून. मोटर जळली की पंधरा दिवस गाव टँकरवर किंवा शेजारच्या मळ्यावर जाते. वीजबिल थकले की जोडणी तोडली जाते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता, त्यातून देखभालीची कामे करता येत होती. पण आराखड्यात बहुतेक ठिकाणी नवीन पाइपलाइनच आली, कारण दुरुस्तीला फलक लावता येत नाही. आपल्या मतदारसंघापुरते एक ठोस वचन देता येईल: तालुका पातळीवर मोटर, स्टार्टर आणि केबल यांचा राखीव साठा, दुरुस्तीसाठी एक फिरते पथक, आणि मोटर बिघडल्यास ठरलेल्या तासांत बदली. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाशी बसून, जिल्हा नियोजनातून निधीची तरतूद करून हे होण्यासारखे आहे. ज्या गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला त्यांचा अनुभवही जवळच आहे. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस मोजून पिके ठरवण्याची आणि शेतीसाठी बोअर न घेण्याची शिस्त पाळली. ती शिस्त प्रत्येक गावाला जमेल असा माझा दावा नाही, परंतु ताळेबंद मांडायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

दुसरा विषय म्हणून मी पाणंद रस्ते, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटा, सुचवतो, आणि हा विषय आपल्या मसुद्यात नाही याचे मला आश्चर्य वाटले. गावाला जोडणारा डांबरी रस्ता आता बहुतेक ठिकाणी पोहोचला आहे. शेताला जोडणारा रस्ता मात्र पावसाळ्यात चिखलात जातो, आणि सोयाबीनची काढणी झाल्यावर मळणीयंत्र शेतात जाऊ शकत नाही म्हणून माल तसाच भिजतो. यातील भांडणे बांधाची, भावकीची आणि पिढ्यान्‌पिढ्यांची असतात. कायद्याने मार्ग आहे: पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तो खुला करता येतो, आणि रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून नवा रस्ता मागता येतो. तहसीलदार आदेशही देतात. पुढे मोजणीची तारीख मिळत नाही, पोलीस बंदोबस्त मिळत नाही, मिळाला तर त्याच दिवशी समोरच्याने अपील करून स्थगिती आणलेली असते, आणि रस्ता मोकळा झालाच तर त्यावर मुरूम टाकायला पैसे नसतात, म्हणून पुढच्या पेरणीला तो पुन्हा नांगरला जातो. राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. तिची सांगड रोजगार हमीशी घातलेली होती, त्यामुळे मजुरी आणि साहित्य यांचे ६०:४० प्रमाण सांभाळता सांभाळता कामे रखडली. खडीचा आणि मातीकामाचा रस्ता यंत्राशिवाय होत नाही हे सर्वांना माहीत होते, पण कागदावर तो मजुरांनी करायचा होता.

आमदाराला इथे तीन गोष्टी करता येतात. तालुक्यात महिन्यातला एक दिवस तहसीलदार, भूमी अभिलेखचे उपअधीक्षक आणि पोलीस निरीक्षक यांनी एकत्र बसून आदेश झालेले रस्ते प्रत्यक्ष खुले करण्याचा ठरवावा, ही पहिली. मोकळ्या झालेल्या रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात त्याच महिन्यात होईल असे पाहावे, ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे, आपला स्थानिक विकास निधी सभामंडपांऐवजी मुख्यतः मुरूम-खडीवर खर्च करण्याचे आधीच जाहीर करावे. सभामंडप मागायला येणारे शिष्टमंडळ मोठे असते आणि हार घेऊन येते, पाणंद मागायला एकटा शेतकरी येतो. त्यामुळे हे आधी जाहीर केलेले बरे, नंतर नाही म्हणणे जड जाते.

तिसरा विषय शेतमालाच्या विक्रीचा. हमीभाव वाढवून देऊ असे आमदारकीच्या उमेदवाराने म्हणू नये, पण ठरलेला हमीभाव पदरात पडावा यासाठी त्याला पुष्कळ करता येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला, त्याआधीच्या वर्षी तो ४,८९२ रुपये होता, आणि दोन्ही हंगामांत आपल्या भागातील बाजारात काढणीच्या दिवसांत दर त्याहून बराच खाली राहिला. खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत शेतकरी थांबू शकत नाही. रब्बीची पेरणी, दुकानाची उधारी आणि दिवाळी हे तिन्ही खर्च एकाच पंधरवड्यात येतात, म्हणून माल गावात येऊन खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. केंद्र सुरू झाल्यावर १२ टक्के ओलाव्याची अट आडवी येते, पीकपेरा, म्हणजे पेरलेल्या पिकाची नोंद, सातबाऱ्यावर नाही म्हणून नोंदणी अडते, आणि नोंदणी झालीच तर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपलेला असतो. यातील पीकपेऱ्याचा प्रश्न ई-पीक पाहणीचा, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून पिकाची नोंद करण्याचा, आहे. ज्या शेतात मोबाइलला नेटवर्क नाही तिथे शेतकऱ्याने फोटो कसा चढवावा, याचे उत्तर अजून नीट मिळालेले नाही, आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसाच्या रब्बीच्या नोंदीचे काय, हे तर कोणी विचारतही नाही.

दिवाळीपूर्वी केंद्र उघडणे, ओलावामापक यंत्रांची तपासणी आणि बारदान्याचा आगाऊ साठा या तीन मागण्या दर पावसाळी अधिवेशनात मांडता येतील, कारण हिवाळी अधिवेशन येईपर्यंत काढणी उलटून गेलेली असते. त्याहून अधिक उपयोगी, पण कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. योजना १९९० पासून आहे. आपल्या तालुक्याची बाजार समिती ती प्रत्यक्षात राबवते का, गोदाम रिकामे आहे की व्यापाऱ्याच्या मालाने भरलेले आहे, हे उद्याच जाऊन पाहावे. जाहीरनाम्यात लिहिण्याआधी पाहावे हे महत्त्वाचे, कारण विरोधक तेच विचारतील.

ऊसतोड कामगारांचा विषय मी स्वतंत्र ठेवीन, कारण आपल्या मतदारसंघात तो बाकी सर्व विषयांना छेद देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली की ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल ती जोडी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असते. त्या काळात गावातील मुलांची शाळा, गरोदर स्त्रीची तपासणी, रेशन आणि म्हाताऱ्यांची काळजी हे सर्व एकदम कोसळते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. हंगामी वसतिगृहे मात्र मुले निघून गेल्यावर सुरू होतात हा जुना रोग आहे. पालक दसऱ्यानंतर गाडीत बसतात आणि वसतिगृहाच्या मान्यतेचे पत्र डिसेंबरात येते; तोवर मूल फडात पोहोचलेले असते. आपले वचन इथे एका तारखेचे असावे: गाड्या भरण्यापूर्वी वसतिगृह चालू. बाकी भाषणे नकोत. स्थलांतरित कुटुंबाचे रेशन कारखान्याच्या गावी मिळण्याची सोय कागदावर आहेच. त्या गावच्या दुकानदाराकडे जादा कोटा पोहोचतो की नाही याचा पाठपुरावा मुंबईतूनच करावा लागेल.

आरोग्य आणि शाळा यांबद्दल थोडक्यात. निकष सर्वांना माहीत आहेत: साधारण ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांना एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात अनुक्रमे २० हजार आणि ३ हजार. नवी केंद्रे मंजूर करून आणणे ही आमदारांना मोठी कामगिरी वाटते, पण मंजूर इमारतीला पदनिर्मिती होण्यास पुढे वर्षे लागतात. आपण रिक्त पदांचा मुद्दा धरावा. कर्मचाऱ्यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याबाबत ग्रामसभेचा ठराव मागण्याची पद्धत २०१९ पासून आहे आणि असे ठराव कसे होतात हे ग्रामसेवकापासून मंत्र्यापर्यंत सर्व जाणतात. राहण्याजोगे निवासस्थान नसताना ठराव मागणे हा एकमेकांना फसवण्याचा प्रकार आहे. निवासस्थानांची दुरुस्ती हाती घ्या, मग मुक्कामाचा आग्रह धरा. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत समायोजित, म्हणजे विलीन, करण्याबाबत सरसकट होय किंवा नाही असे काही लिहू नये. ज्या वस्तीपासून पुढच्या शाळेपर्यंत ओढा आडवा येतो, तिथे नकाशावरचे एक किलोमीटर पावसाळ्यात पार होत नाही. अशा वस्त्यांची यादी आपल्याकडे असावी.

विजेचा विषय घ्यावा की नाही असे आपण वेगळे विचारले होते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून मोफत वीज आहे, त्यामुळे बिल हा मुद्दा मागे पडला आहे. दिवसा वीज आणि वेळेत रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) हे मुद्दे उरले आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळण्याची खरी शक्यता आहे. मात्र तिच्यासाठी गायरान जमीन सुचवताना जनावरे आणि भूमिहीन कुटुंबे यांची व्यवस्था ग्रामसभेत आधी बोलून घ्यावी. गायरान ‘पडीक’ असते हे तालुक्याच्या कचेरीतून दिसते, शेळ्या राखणाऱ्याला तसे दिसत नाही.

आता हे सर्व कोणत्या साधनांनी करणार, हे जाहीरनाम्यात आले पाहिजे, कारण मतदार ‘पाठपुरावा करू’ या शब्दाला विटले आहेत. आमदाराकडे तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अर्थसंकल्पात कपात सूचना आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा माग काढणारी आश्वासन समिती आहे, जिल्हा परिषदांच्या कारभाराची झडती घेणारी पंचायत राज समिती आहे. ही समिती जिल्ह्यात येणार म्हटले की आमच्या कार्यालयात दप्तरे रात्रभर लावली जात, एवढा तिचा धाक असे. विधिमंडळाचा सदस्य धोरण घडवू शकतो याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात रोजगार हमीचा प्रयोग करून दाखवला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा उभा राहिला आणि २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. पागे मंत्री नव्हते, हे लक्षात घ्यावे.

शेवटचा मुद्दा पंचायत राज संस्थांचा, आणि तो उमेदवारांना अडचणीचा वाटतो. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीतील २९ विषय या संस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. प्रत्यक्षात २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर काही वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिला, आणि त्या काळात जिल्हा परिषद सदस्याने करायची कामे आमदारांकडे वळली. बऱ्याच आमदारांना ते सोयीचे वाटले. आपण स्पष्ट लिहावे की गटारीचे आणि गल्लीचे काम सुचवण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे आणि मी २५१५ मधून तेच काम सुचवीन जे ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधीपासून असेल. यामुळे काही कार्यकर्ते नाराज होतील, ठेकेदार तर नक्कीच होतील. पण आमदाराच्या घरासमोरची सकाळची रांग कमी होईल आणि वर सांगितलेल्या कामांना वेळ मिळेल.

निवडून आल्यास पंचायत समितीची आमसभा पहिल्याच वर्षी घ्या. तिचे अध्यक्षपद आमदाराकडे असते आणि तीच पुष्कळ तालुक्यांत वर्षानुवर्षे होत नाही, कारण तिथे सर्व खात्यांचे अधिकारी समोर बसलेले असतात आणि प्रश्न विचारण्याचा हक्क गावाला असतो. विषयपत्रिका महिनाभर आधी ग्रामपंचायतींना पाठवा, मागील आमसभेच्या इतिवृत्तातील अनुपालन हा पहिला विषय ठेवा, आणि मोटरपंप, खुले झालेले रस्ते, खरेदी केंद्राची तारीख व वसतिगृहाची तारीख ही चार माहितीपत्रके त्या दिवशी सभागृहाच्या दाराशी छापून वाटा. जाहीरनामा आत्ता छापताना त्याच चार गोष्टी पहिल्या पानावर घ्या. सभामंडप आणि औद्योगिक वसाहत यांना मागचे पान पुरेसे आहे, आणि जागा कमी पडली तर औद्योगिक वसाहत वगळली तरी चालेल.